आम्ही दोघंच, महिना-दीड महिना घरात: तयारीत काय राहून जातंय?

तिसरामजला | २० मार्च २०२०, सकाळी ७:४०

वयं ७२ आणि ६८. पुणे, कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी परदेशात, आणि रविवारपासून बाहेरची विमानं बंद, त्यामुळे ती येण्याचा प्रश्न नाही. कोरोनामुळे साठ-पासष्टीच्या पुढच्यांनी काही आठवडे घराबाहेर पडू नये असं काल रात्री पंतप्रधानांनी सांगितलंच आहे. रविवारचा जनता कर्फ्यू निभेल, पुढचं काय ते ठरवायचं आहे.

मला मधुमेह (रात्री पेनने इन्शुलिन) आणि रक्तदाब. हिला थायरॉईड, गुडघेदुखी, दोन्ही कानांना यंत्र. गॅसचे सिलिंडर दोन, इन्व्हर्टर आहे. धुणंभांडी आणि पोळ्यांच्या बाईंना पगारी सुट्टी द्यायचं ठरलंय. किराणावाला माल पाठवतो, पण पोऱ्या खालीच ठेवून जातो.

विचारायचंय ते असं: काय किती भरावं म्हणजे कमी पडणार नाही आणि किडणारही नाही? औषधांचं काय? माल वर कसा आणावा? आणि दोघांपैकी एक आजारी पडलं तर? खोल्या दोन आहेत, पण संडास-बाथरूम एकच.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय रोज चाळीस येतात, ते नकोत.

---

भरणी | २० मार्च, सकाळी ९:१५

काका, काकूंना यातलं निम्मं माहीत असणार, तरी सगळं लिहिते.

हिशेब महिन्याचा न करता रोजचा करा, म्हणजे चुकत नाही. दोघांना दिवसाला सहा पोळ्या धरल्या तर पावणेदोनशे ग्रॅम कणीक, महिन्याला पाच किलो. भात दोन्ही वेळचा धरून रोज सव्वाशे ग्रॅम तांदूळ, पावणेचार किलो. तूरडाळ रोज ५० ग्रॅम, दीड किलो. मूगडाळ एक किलो, कारण खिचडी, मऊ भात आणि धिरडी तिच्यावरच निभतात. मटकी, मूग, चवळी, मसूर प्रत्येकी अर्धा किलो. तेल दीड लिटर, शेंगदाणे पाऊण किलो, पोहे आणि रवा एकेक किलो, बेसन अर्धा. दिवसाला चार कप चहाला आठ-दहा ग्रॅम पूड लागते, म्हणजे पाव किलोचा पुडा जेमतेम महिना जातो. मीठ किलोभर दोन महिने सहज.

याच्या दीडपट भरा. दुप्पट भरू नका, पुढे उन्हाळा आहे.

सगळ्याचं पीठ करून ठेवू नका. गव्हाचं पीठ या दिवसांत महिना-दीड महिना टिकतं. ज्वारीच्या पिठाची विरी पंधरा-वीस दिवसांत जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात; तेव्हा उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं आणि त्याला उपाय नाही, तेव्हा ते भरूच नका. निम्मा गहू तसाच ठेवलात तर गिरणी चालू हवी, म्हणून पाच किलोचं एक तयार कणकेचं पाकीट बंदच राहू द्या.

सध्या बाजारात नवा गहू येतोय, त्यात ओल असते. दोन-तीन दिवस ऊन देऊन, पूर्ण गार करून मगच डब्यात. गरम भरला की आत घाम धरतो आणि टोके पडतात. चोळायला किलोला पाच मिली एरंडेल, म्हणजे चहाचा एक चमचा. तूरडाळीलाही चालतं. तांदळाला बोरिक पावडर लावायची जुनी सवय आहे, ती सोडा. नीट धुतली गेली नाही तर पोटात जाते. पाऱ्याच्या गोळ्या फडक्यात बांधून टाकतात त्याही नकोत, फुटल्या की धान्यात पारा. आणि सेल्फॉसची गोळी राहत्या घरात कुणी सुचवली तर त्याचा नंबर ब्लॉक करा, जीव जातो तिने. दोघांपुरत्या तांदळाला घट्ट झाकणाचा कोरडा डबा आणि चार सुक्या लाल मिरच्या एवढं पुष्कळ.

रवा कोरडाच भाजून ठेवा, म्हणजे जाळी धरत नाही आणि उपम्याची दहा मिनिटं वाचतात.

भाजीत क्रम महत्त्वाचा. पहिले तीन-चार दिवस पालेभाज्या. मग भेंडी, गवार, दोडका, वांगी. त्यानंतर कोबी, गाजर, बीट. शेवटी लाल भोपळा, सुरण, बटाटे. लाल भोपळा देठासकट अख्खा घेतला तर महिनाभर राहतो, कापला की चार दिवस. कांदा सध्या रांगडा येतोय, तो टिकाऊ नाही, दोन किलोपेक्षा जास्त नको. साठवणीचा उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये येईल तेव्हा पाच किलो घ्या. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्याला लवकर मोड येतात आणि त्याच्या ओलीने कांदा सडतो. कोथिंबीर न धुता, मुळं कापून, कागदात गुंडाळून डब्यात. मिरच्यांचे देठ काढा, सडायला सुरुवात देठापासून होते. लिंबं घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये.

कडधान्यं आठ तास भिजवून फडक्यात दहा-बारा तास, बस. मार्च-एप्रिलमध्ये रात्र आणि पुढचा सगळा दिवस बांधून ठेवली की आंबूस वास येतो आणि बुळबुळीत होतात. मध्ये एकदा गार पाण्याने खळबळून घ्यावीत.

पोळ्यांच्या बाई नसणार, तेव्हा पोळ्या कोण लाटणार हे आजच ठरवा. गुडघे दुखत असताना ओट्यापाशी पाऊण तास उभं राहून चालणार नाही. पोळपाट जेवणाच्या टेबलावर, कणीक काकांनी मळायची, लाटणं बसून, उभं राहून फक्त भाजायचं. आणि संध्याकाळी पोळीला सुट्टीच द्या: थालीपिठाची भाजणी एक किलो, मेतकूट पाव किलो, आमसुलं, लोणचं, पापड हे त्यासाठीच.

दुधाची सहा टेट्रापॅक ठेवा, न फोडता फ्रीजबाहेर तीन महिने राहतात (तारीख बघून घ्या). फोडलं की मात्र फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायचं.

---

औषधी_पुडी | २० मार्च, दुपारी १:३०

काका, औषधं आजच मागवा. किराणा उद्या आला तरी चालेल.

डॉक्टरांना फोन करून चिठ्ठीवर ‘दोन महिन्यांसाठी’ असं लिहून घ्या. नुसतं नाव असलेल्या चिठ्ठीवर दुकानदार पंधरा दिवसांचंच देईल, आणि तो चूक नाही. माल आला की मुदतीची तारीख बघा. ती पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत या, म्हणजे शेवटपर्यंत तारीख दिसते.

इन्शुलिन: न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण काम करत नाही. चालू पेन बाहेर साधारण २८ दिवस (तुमच्या पेनाच्या कागदावर दिवस लिहिलेले असतात), पण खोली ३० अंशांच्या आत हवी. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती राहत नाही. वीज गेली असेल तर छोट्या प्लास्टिकच्या डब्यात पेन, आणि तो डबा पाणी भरलेल्या माठाच्या गळ्याशी तरंगता. पेनावर सुरू केल्याची तारीख चिकटपट्टी लावून लिहा. सुया रोज एक या हिशेबाने दोन महिन्यांच्या ६०. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत, कचरा नेणाऱ्याच्या हाताला टोचायला नकोत.

घरात बसल्यावर साखरेची दोन्ही टोकं दिसतात. चालणं थांबलं की वाढते. मन लागत नाही म्हणून रात्री दोनच घास खाल्ले आणि इन्शुलिन नेहमीचं घेतलं, तर पहाटे उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं की मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजा. साखरेची वाटी आणि पाणी पलंगापाशीच राहू द्या. डोस आपल्या मनाने कमी-जास्त करायचा नाही, डॉक्टरांना फोन करून.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या खोटं बोलतात. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून टोचा. सॅनिटायझरचा ओलावा राहिला तरी आकडा चुकतो. आंब्याच्या दिवसांत हे विशेष: हापूस कापलेल्या बोटाने मोजलं तर २५० सुद्धा दिसेल, आणि ती साखर आंब्याची असते, तुमची नव्हे.

काकूंची थायरॉईडची गोळी तिच्याच बाटलीत राहू द्या, आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका, तिला ओल आणि उजेड सोसत नाही. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. गुडघ्यांसाठी कॅल्शियम चालू असेल तर दोन्हींत चार तास हवेत.

गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक आणणं नको, पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला जड. पॅरासिटॅमॉल ५०० च्या दोन पट्ट्या घरात असाव्यात, ज्येष्ठांनी दिवसाला सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या सहा गोळ्या ही वरची हद्द. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हा आजार बळावतो असे निरोप फिरतायत, त्यावरून गोळी बंद करू नका. बंद केल्याने होणारं नुकसान पक्कं आहे.

आणि काढा. आलं, तुळस, मिरी ठीक. त्यात ज्येष्ठमध रोज घालू नका, त्याने शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. गूळ घातला तर तो तुमच्या साखरेत धरा.

---

पाना_पक्कड | २० मार्च, संध्याकाळी ६:०५

सगळे धान्याचंच बोलतात. दुकानं बंद झाली की माणूस अडतो तो तीस रुपयांच्या रबरावर.

कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकेक जास्तीचा आणा. त्याच कंपनीचा, त्याच लिटरचा. आतल्या झाकणाची आणि बाहेरच्या झाकणाची रिंग वेगळी असते, जुनी दाखवूनच घ्या. कडेने वाफ येते आणि शिट्टी होत नाही म्हणजे रिंग सैल झाली. वेळ मारून न्यायला दहा मिनिटं बर्फाच्या कप्प्यात ठेवा, आकसते आणि दोन-चार वेळा चालते. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर मात्र चिकटवाचिकटवी करायची नाही, नवाच.

गॅस: दोघांच्या स्वयंपाकाला १४.२ किलोचा सिलिंडर दीड-दोन महिने जातो. एक लागला की त्याच दिवशी दुसरा नोंदवा. सिलिंडर आल्यावर कडीखालच्या पट्टीवर अक्षर आणि आकडा बघा. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती तारीख उलटून गेली असेल तर परत द्या. टोपण काढून आतला काळा वॉशर आहे का ते पोऱ्या समोर असतानाच पाहा. तो नसला किंवा चिरलेला असला की रेग्युलेटर बसवल्यावर फुसफुस येते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी ओढून कधीच नाही. गळती वाटली तर १९०६.

कानाच्या यंत्राचे सेल लोक विसरतात. दोन्ही यंत्रांत एकच नंबर आहे ना ते बघा: पिवळं लेबल १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळं ६७५. ३१२ चा एक सेल साधारण आठवडा जातो, म्हणजे दोन कानांना दोन महिन्यांना १६-१८. वरची चिकटपट्टी काढली की हवा लागून सेल खर्ची पडायला लागतो, परत चिकटवून थांबत नाही, तेव्हा लागेल तेव्हाच काढा. काढल्यावर मिनिटभर थांबून मग यंत्रात. फ्रीजमध्ये ठेवू नका. सेल संपले की काकूंना फोनवर डॉक्टर ऐकू येणार नाहीत, एवढं लक्षात घ्या.

इन्व्हर्टरला पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी नाही, नळाचं तर नाहीच. बीपीच्या मशीनला पेन्सिल सेल चार, जास्तीचे चार.

आता दोरी. माल खाली राहतो म्हणता, तर गॅलरीतून पिशवी सोडणं हाच मार्ग, जिना दिवसातून तीनदा चढण्यापेक्षा बरा. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यापासून जमीन दहा-बारा मीटर, दोरी १५ मीटर घ्या. नायलॉनची नको, सुती, बोटाएवढी जाड. नायलॉन हातातून सरकली की तळवा सोलून निघतो. वरचं टोक आधी ग्रिलला बांधा, मग पिशवी सोडा, उलट क्रमाने नाही. एका खेपेला तीन किलो, फार तर चार. किराणावाल्याला फोनवरच सांगा, तीन-तीन किलोच्या पुड्या कर. दहा किलोची गोणी आली तर खाली पार्किंगमध्ये फोडून घ्यावी लागते. पिशवी खादीची किंवा जीनची, तळाला दुहेरी शिवण. काचेची बाटली दोरीवर नको, खालच्या मजल्याच्या छज्जाला आपटते. ओढताना वाकायचं नाही, एक पाय मागे, कठड्यापासून हातभर लांब. काकांनी ओढायची, काकूंनी नाही.

---

बाणेरचा_बंड्या | २१ मार्च, सकाळी ८:२०

फरशीला फिनेल, हार्पिक आणि ब्लीच एकत्र करून पुसा, काहीच जिवंत राहत नाही.

---

सिस्टर_रिटायर्ड | २१ मार्च, सकाळी ८:५०

खरं आहे, पुसणाराही राहत नाही. संडास साफ करायच्या द्रावणात आम्ल असतं, ते ब्लीचशी मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये सत्तरीच्या माणसाला दोन मिनिटं पुरतात. बंड्या, वरचं काढून टाका.

काका, प्रमाण असं. द्रव ब्लीचच्या बाटलीवर ५% लिहिलं असेल तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी, त्याचं ०.१% होतं. कडी, बटणं, नळ, टेबल यांना पुरतं. आधी साबणाने पुसून घ्या, मळावर ब्लीच वाया जातं. लावून दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. रोजचं रोज करा, कालचं द्रावण उतरलेलं असतं. हातमोजे, खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा.

भाज्यांना साबण नाही, डिटर्जंट तर मुळीच नाही. पोटात गेला की जुलाब, आणि या वयात जुलाबाने माणूस लवकर कोसळतो. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. दुधाच्या पिशव्या बाहेरून साबणाच्या पाण्याने धुतल्या तर चालतं. किराणा टिकाऊ असेल तर दोन-तीन दिवस गॅलरीत पडू द्या, धुण्याचा खटाटोप वाचतो. पण सगळ्यांत आधी स्वतःचे हात, वीस सेकंद, अंगठे आणि नखांसकट. सॅनिटायझर ओला असताना गॅस पेटवू नका, निरांजन लावू नका, तो स्पिरिट आहे. घरात साबण असताना सॅनिटायझर हवा कशाला, हेही मला कळत नाही.

पडण्याची भीती मला या आजाराइतकीच वाटते. बाई नाहीत म्हणजे फरशी तुम्ही पुसणार. बसून नाही, लांब दांड्याच्या मॉपने, आणि एका दिवशी एकच खोली. पुसून झाल्यावर वीस मिनिटं तिकडे जायचं नाही. बाथरूममध्ये रबरी चटई, रात्री पॅसेजमध्ये लहान दिवा, आणि बाथरूमची कडी आतून लावायची नाही. दोघंच आहात, लाज कुणाची? घराची एक किल्ली शेजारी द्या. खुब्याचं हाड मोडलं तर आत्ता दवाखान्यात जावंच लागेल, आणि नेमकं तेच टाळायचं आहे.

हालचाल हवीच. जेवणानंतर घरातल्या घरात दहा मिनिटं चाला, दिवसातून तीनदा. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा दहा वेळा (जमत नसेल तर हात टेकून). ओट्याला धरून टाचा वर-खाली वीस वेळा. सकाळचं ऊन गॅलरीत वीस मिनिटं.

---

तिसरामजला | २१ मार्च, सकाळी ११:१०

सगळ्यांचे आभार. कडीचं हिला पटत नाहीये, पण पटेल. एक आजारी पडलं तर काय, ते राहिलं. आणि वाफेचं? रोज घ्यायची का?

---

सिस्टर_रिटायर्ड | २१ मार्च, दुपारी ४:३०

नाक चोंदलं तर वाफ. रोज नाही. उकळतं पातेलं मांडीवर घेऊन टॉवेल ओढून बसणं तर नकोच, भाजल्याच्या केसेस त्यातूनच येतात. पातेलं टेबलावर, तेही गॅसवरून दुसऱ्याने आणलेलं.

खोली आजच ठरवा, ताप आल्यावर ठरवायला सुचत नाही. ज्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे ती आजारी माणसाची. खिडकी उघडी, दार लावलेलं, म्हणजे तिथली हवा घरात न येता बाहेर जाईल. मधल्या खोलीची खिडकीही उघडी ठेवा. एसी लावून बंद घरात बसण्यापेक्षा उकडलेलं बरं.

संडास एकच, म्हणून क्रम: निरोगी माणसाने आधी, आजाऱ्याने नंतर. मग आजाऱ्यानेच, ताकद असेल तर, नळ-कडी-फ्लशचं बटण पुसायचं. अर्धा तास खिडकी आणि एक्झॉस्ट चालू, तोवर दुसऱ्याने जायचं नाही. झाकण असेल तर पाडून फ्लश. टॉवेल, साबण, ब्रश वेगळे. दोघांचे ब्रश एका पेल्यात असतात ते आजच वेगळे करा.

आजाऱ्याने तीन पदरी मास्क, देखभाल करणाऱ्यानेही. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून बाजूला व्हायचं. भांडी साबण आणि गरम पाण्याने, वेगळी घासायची गरज नाही, हात मात्र नंतर धुवायचे.

या वयात ताप नेहमी येतोच असं नाही. जेवण तोडणं, दिवसभर झोपून राहणं, बोलण्यात गोंधळ, अचानक तोल जाणं, हीसुद्धा लक्षणं धरा. रोज सकाळ-संध्याकाळ ताप एका वहीत लिहा, दोघांचा. ऑक्सिमीटर मिळालं तर आणा. पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, नेलपॉलिश आणि मेंदी नसलेल्या बोटाला; आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिला की तो खरा. ९४ च्या खाली परत परत दिसला तर ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही.

दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत: रुग्णवाहिका १०८, आरोग्य सल्ला १०४, केंद्राचा कोरोना क्रमांक १०७५, तुमचे डॉक्टर, शेजारी. एक पिशवी भरून ठेवा: आधार कार्ड, विम्याचं कार्ड, जुना ईसीजी, औषधांची यादी डोससकट, चष्मा, कवळीची डबी, फोनचा चार्जर, कानाचे सेल, बदलायचे कपडे. शेजाऱ्यांना ती कुठे टांगली आहे ते माहीत हवं.

---

तिसरामजला | २८ मार्च, सकाळी १०:००

२५ पासून देशभर बंद. पाडव्याला गुढी गॅलरीतल्या गॅलरीत उभारली, कडुनिंब शेजाऱ्यांनी दोरीवरून पाठवला. तीन शंका: गिरणी बंद आहे. डॉक्टरांचा दवाखाना बंद आहे, पुढची चिठ्ठी कशी? आणि सोसायटीत दोघांनी कोरोनावर म्हणून मलेरियाची गोळी (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) आणून ठेवली आहे, आम्हीही आणावी का?

---

औषधी_पुडी | २८ मार्च, दुपारी १२:२०

मलेरियाची गोळी नाही. तिने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि परवापासून ती औषधांच्या एच-१ यादीत गेली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही, दुकानात नोंद ठेवावी लागते. ज्यांना सांधेदुखीच्या आजारासाठी ती रोज लागते त्यांना मिळेना झाली आहे, ते वेगळंच.

चिठ्ठीचं सोपं झालं आहे. २५ मार्चला टेलिमेडिसिनचे नियम आले, डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर बोलून चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपने पाठवू शकतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तुमचं नाव, वय, तारीख हवी. औषधं घरपोच द्यायलाही दुकानांना परवानगी आहे. फोन करण्याआधी आठ दिवसांच्या साखरेचे आणि बीपीचे आकडे समोर घ्या, नाहीतर डॉक्टर तेच विचारतील आणि तुम्ही शोधत बसाल. बीपी पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, दोनदा.

---

भरणी | २८ मार्च, दुपारी २:४५

गिरणी बंद असेल तर घरचा गहू पिठासाठी अडवून बसू नका. बंद पाकीट फोडा. गव्हाची मिक्सरवर भरड काढा, एका वेळी एकच वाटी आणि तीस सेकंदांहून जास्त नाही, भांडं तापलं की मोटरचा वास येतो. चाळून वरचा रवा लापशीला, खालचं पीठ थालीपिठात. पोळीला मात्र ते पुरेसं बारीक होत नाही, लाटताना तुटते.

---

जमाखर्च | ५ एप्रिल, सकाळी ९:३०

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ठेवींवर १५एच (व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म) भरत असाल तर या महिन्यात बँकेत जायची गरज नाही, मागच्या वर्षीचा फॉर्म ३० जूनपर्यंत धरणार आहेत. पीपीएफचे मागच्या वर्षाचे पैसे राहिले असतील तर तेही ३० जूनपर्यंत. एटीएम कुठल्याही बँकेचं चालेल, तीन महिने त्याला शुल्क नाही, म्हणजे जवळचं गाठा किंवा खात्रीच्या माणसाबरोबर चेक पाठवा. कार्ड आणि पिन कुणाला देऊ नका. रोख शंभर-दोनशेच्या नोटांत ठेवा, दोरीवरून सुटे परत येत नाहीत. हप्ता पुढे ढकलून देतो म्हणून ओटीपी मागणारे फोन सुरू झालेत, बँक ओटीपी विचारत नाही. गॅसच्या दोन नोंदण्यांत आता किमान पंधरा दिवस लागतात, तुम्हाला दोन सिलिंडरांत अडचण नाही.

---

तिसरामजला | ५ एप्रिल, दुपारी १२:१५

दोरी मस्त चालते. पण पिशवी वर येताना भिंगरीसारखी फिरते आणि बंद एकमेकांत पिळले जातात. काल साबुदाणा सांडला.

---

पाना_पक्कड | ५ एप्रिल, दुपारी १:०५

दोरी पिळाची असणार, वजन पडलं की पीळ सुटतो म्हणून फिरते. आधी रिकाम्या दोरीला पाण्याची भरलेली दोन लिटरची बाटली बांधून खालपर्यंत सोडा आणि तासभर लटकू द्या, जो पीळ सुटायचा तो सुटेल. खाली पोरं नाहीत ना ते बघून. हार्डवेअरचं दुकान उघडलं की कुत्र्याच्या साखळीला असतो तसला फिरता हूक आणून पिशवी त्याला अडकवा. तोवर दोन्ही बंद एकाच गाठीत बांधा, आणि साबुदाणा डब्यातून मागवा.